राखाडी ओळ

मी एका कानाचा हेडफोन बोलतोय. हो, बोलतोय, दचकू नका. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं, स्वतःचं म्हणून एक अक्षर कधी काढलं नाही. आज काढतोय, तर सलग ऐका.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. त्यातल्या एकीने माझ्या केसासारख्या बारीक तारांना डाख दिला, दुसरीने कानावर गादी चढवली, तिसरीने माईकची दांडी बसवली. मग एक माणूस आला, माझ्यात ‘एक, दोन, तीन’ म्हणाला आणि पास म्हणून मला खोक्यात टाकून गेला. इतक्या सोप्या परीक्षेत पास झालेल्याला पुढे काय वाढून ठेवलंय, याची कल्पना कुठून असणार!

दुकानात मी सात महिने पडून होतो. माझे दोन कानांचे भाऊबंद भराभर विकले जात होते. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटंसुलटं करायचं आणि विचारायचं, “याचा दुसरा कान कुठे पडला?” दुकानदाराने तर माझं नावच ‘अर्धवट’ ठेवलं होतं. मला त्याचा फार राग यायचा. अहो, मी अर्धा नाही. मी आहे तेवढा पुरा आहे.

एके दिवशी एक मुलगी तिच्या वडिलांचा हात धरून दुकानात आली. वडील सुतार होते, अंगाला ताज्या लाकडाचा वास, आवाज असा की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघावं. ते दोन कानांच्या हेडफोनचं खोकं पुढे करत म्हणाले, “ठकी, हा घे. दणकट आहे. दोन्ही कान मस्त झाकतो.”

“बाबा, दोन्ही कान झाकले तर मला बघायला काय उरणार?” ती म्हणाली.

ठकीला दिसत नव्हतं. शाळेत असताना नजर उणी होत गेली, सोळाव्या वर्षापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. तिने हात पुढे केला, मला चाचपलं, गादी दाबून पाहिली, दांडी वर-खाली केली. “हाच,” ती म्हणाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी निवडलं. मी तिचा झालो.

ठकी म्हणजे तिचं घरातलं नाव. वय तेवीस, हट्ट सात वर्षांच्या पोरीचा. अपंगांसाठीच्या प्रशिक्षण केंद्रात ती कॉम्प्युटर शिकत होती. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक बाई राहते. पडद्यावर जे काही असेल ते ती वाचून दाखवते, आणि मी ते ठकीच्या डाव्या कानात सोडतो. उजवा कान जगासाठी मोकळा. ही बाई इतकी भरभर बोलते की तुम्ही ऐकलंत तर पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाटेल. ठकीला मात्र त्यातला दाणा न् दाणा कळतो. माउसला ती हात लावत नाही, सगळा कारभार बोटांचा. कंट्रोलचं बटण दाबलं की बाई गप्प. घरातल्या माणसांनाही असं एक बटण हवं होतं, असं ठकी म्हणायची आणि बाबांकडे तोंड करायची.

केंद्रातले सर स्वतः अंध होते, आणि कडक. त्यांचं एक वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेन. “अनोळखी यादी हातात आली की आधी रंग विचारा. डोळसांना रंगांत बोलायची खोड असते आणि आपण काही बोललो हेही त्यांच्या ध्यानात नसतं.” बाईला सांगून ठेवलं तर ती रंगसुद्धा सांगते. नाही सांगून ठेवलं तर नाही सांगत. एवढं लक्षात ठेवा.

शिक्षण संपवायचं तर कुठेतरी सहा आठवडे उमेदवारी करावी लागायची. तिथल्या वरिष्ठांचा शेरा घेऊन यायचा, मग नोकरीसाठी नाव पाठवलं जायचं. ठकीची पहिली उमेदवारी एका मोठ्या ऑफिसात झाली. तिथे तिला खिडकीजवळची खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, येता-जाता “कशी आहेस बेटा?” विचारलं. काम दिलं नाही. सहा आठवडे मी तिच्या गळ्यात रिकामा लटकत होतो. निघताना शेरा मिळाला: ‘अत्यंत समाधानकारक’. तो कागद घेऊन ती एका मुलाखतीला गेली. समोरच्याने विचारलं, “तिथे नेमकं काय केलंत?” ठकीला उत्तर देता आलं नाही. 

दुसऱ्या ठिकाणी काम होतं, पण तिथल्या कामाच्या प्रोग्रॅमचं बाईशी जमत नव्हतं. बाई बिचारी नुसती “बटण, बटण, बटण” म्हणत राहायची. कुठलं बटण, ते सांगायला कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. नवव्या दिवशी ठकीला हात जोडून घरी पाठवलं.

उरली तिसरी आणि शेवटची संधी. केंद्राचा नियमच तसा होता, तीनच. बाबा म्हणाले, “घरात तुला काय कमी आहे? उगाच कशाला दारोदार धक्के खायचे?” ठकी म्हणाली, “बाबा, मला कुणीतरी काम सांगावं आणि ते झालं नाही तर ओरडावं, एवढंच हवंय.” बाबांना ते कळलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मलाही नीटसं कळलं नव्हतं.

तिसरी जागा म्हणजे हृदयाच्या दवाखान्यातला नोंदणी विभाग. खोली लहान, चार टेबलं, भिंतीला लागून फायलींची कपाटं. विभागप्रमुख हेडबाई, चपलांचा आवाज न करता चालणाऱ्या. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या की ठकीला फक्त औषधी साबणाच्या वासाने कळायचं. शेजारच्या टेबलावर एक जुना कारकून. याद्या तयार करणं त्याच्याकडे. त्याला प्रत्येक गोष्ट रंगवायची हौस, म्हणून मी त्याचं नाव रंगारी ठेवलं. माणूस भला. पहिल्याच दिवशी धावत आला, “अगं ताई, तुझा पडदा बंद आहे! केव्हाची अंधारातच काम करतेयस!”

“दादा, वीज वाचवतेय,” ठकी म्हणाली. रंगारी आधी ओशाळला, मग इतका हसला की हेडबाईंना खाकरावं लागलं.

काम असं. फेरतपासणीला येणाऱ्या रुग्णांची यादी रोज सकाळी मिळायची. प्रत्येकाला फोन करून वेळ कळवायची, रिपोर्टची फाइल आणायची आठवण करून द्यायची, येणार की नाही ते लिहायचं. फोनही माझ्यातूनच. म्हणजे एका कानात बाई, त्याच कानात रुग्ण, आणि मधे मी. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

पण वेग पुरत नव्हता. बाकीचे दिवसाला साठ फोन करत, ठकीचे जेमतेम पस्तीस व्हायचे. कारण रंगाऱ्याच्या यादीत एक ओळ पांढरी, एक फिकट निळी, पुन्हा पांढरी, पुन्हा निळी. बाई इमानाने दर ओळीला सांगायची: फिकट निळी पार्श्वभूमी, पांढरी पार्श्वभूमी. नाव राहिलं बाजूला, रंगांचीच आरती. चौथ्या दिवशी ठकीने विचारलं, “दादा, या पट्ट्यांना काही अर्थ आहे का?”

“छे गं! नुसत्या शोभेच्या. डोळ्यांना बरं वाटतं,” रंगारी म्हणाला. आणि ते खरंच होतं.

ठकीने रंग सांगणं बंद करून टाकलं. माझ्यासमोर. बाई म्हणाली, “रंग सांगणे बंद,” आणि मीच ते तिच्या कानात पोचवलं. त्या दिवशी बावन्न फोन झाले. दुसऱ्या आठवड्यात अठ्ठावन्न. हेडबाई मागे येऊन म्हणाल्या, “बरं चाललंय की.” घरी जाताना ठकी गुणगुणत होती. सरांचं वाक्य मला आठवत होतं, पण मी पडलो हेडफोन, मला कोण विचारतो.

आता त्या दवाखान्यातली एक रीत सांगायला हवी. तिथे एखादा रुग्ण दगावला, तर यादीत ‘मृत’ असं कुणी लिहीत नसे. लिहायला कुणाचा हात धजायचा नाही. कालपर्यंत ज्या माणसाला “कसं काय काका?” विचारलं, त्याच्या नावापुढे तो शब्द टाकायचा कसा? म्हणून रंगारी त्याची ओळ हलकेच राखाडी करायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की नव्या माणसाला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. महिन्याअखेरीस राखाडी ओळी काढून टाकायच्या, तोवर त्या तशाच राहायच्या.

चौथ्या आठवड्यातला मंगळवार. सकाळची अकराची वेळ. ठकीने नंबर लावला. पलीकडे एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

“नमस्कार काकू, दवाखान्यातून बोलतेय. काकांची उद्या साडेदहाला फेरतपासणी आहे. येताना रिपोर्टची फाइल आणायला सांगाल ना त्यांना?”

पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“काकू? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” काकू म्हणाल्या. “कुणाला सांगू?”

“काकांना.”

“ते गेले गं. तीन आठवडे झाले. तुमच्याच दवाखान्यात गेले ना.”

फोन बंद झाला. ठकीने एक बटण दाबून त्या ओळीचा रंग विचारला. बाईने तिच्या नेहमीच्या स्वरात सांगितलं, राखाडी. ठकीने आधीची ओळ विचारली: पांढरी. पुढची: निळी. लहानपणी तिने रंग पाहिले होते; राखाडी कसा असतो हे तिला पक्कं आठवत होतं.

दुपारी त्या काकूंचा मुलगा दवाखान्यात आला. त्याचा आवाज जिन्यातूनच ऐकू येत होता. “माझी आई सकाळपासून जेवली नाही! माणूस तुमच्याकडे मेला आणि तुम्ही त्यालाच तपासणीला बोलावता? लाज वाटत नाही?” हेडबाईंनी त्याला आपल्या खोलीत बसवलं. रंगाऱ्याला बोलावलं, ठकीला बोलावलं. मी तिच्या गळ्यात तसाच होतो. काढून ठेवायचं तिला सुचलंच नाही.

“हा फोन यांनी केला?” मुलगा ओरडला. मग त्याचं लक्ष ठकीच्या पांढऱ्या काठीकडे गेलं असावं, कारण त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

हेडबाई म्हणाल्या, “अहो, या मुलीला दिसत नाही. आमच्याकडे अशा ओळींना रंग देतात, तो तिला कसा कळणार? चूक आमची आहे. तिला फोनवर बसवायलाच नको होतं.”

“माझंच चुकलं,” रंगारी म्हणाला. “मी सांगायला हवं होतं.”

मुलाचा राग बघता बघता उतरला. “अरेरे. मला कल्पना नव्हती हो. बिचारीचा काय दोष? जाऊ द्या, जाऊ द्या.”

हेडबाईंनी ठकीच्या खांद्यावर हात ठेवला. “तू मनाला लावून घेऊ नकोस. उद्यापासून दारापाशी बस, आलेल्यांना नमस्कार कर. दोन आठवडे तर राहिलेत. शेरा मी चांगलाच देते.”

सगळं मिटलं होतं. ठकीने फक्त मान हलवायची होती. रंग सांगणं तिने बंद केलं होतं, हे फक्त तिला, कॉम्प्युटरला आणि मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर विचारल्याशिवाय बोलत नाही आणि मी तर काय, गळ्यातलं प्लास्टिक. मला वाटलं, गप्प बस पोरी. शेवटची संधी आहे. बाबा घरी वाट बघताहेत. मला लाज वाटते, पण मला तेव्हा असंच वाटलं.

“मॅडम,” ठकी म्हणाली, “मला कळू शकलं असतं.”

“म्हणजे?”

“माझा कॉम्प्युटर रंग सांगतो. पट्ट्यांमुळे वेळ जात होता म्हणून मी ते बंद केलं. दादांना मी पट्ट्यांचं विचारलं होतं, त्यांनी बरोबर सांगितलं. पण रोज नवी यादी येते, रोज तपासायला हवं. आम्हाला तसं शिकवलंय. मी नाही तपासलं.”

खोलीतली हवाच बदलली. हेडबाईंचा हात खांद्यावरून निघाला. “का?”

“फोन कमी होत होते.”

“आकडा वाढवायला?” मुलगा उठला. त्याचा आवाज पुन्हा चढला. “माझ्या आईला हे ऐकावं लागलं ते तुमचा आकडा वाढावा म्हणून? आणि आत्ता सगळे तुमची कीव करत होते, मीसुद्धा!”

“हो,” ठकी म्हणाली. “मी माफी मागते.”

“माझी नको. तिची मागा.”

हेडबाई थंड आवाजात म्हणाल्या, “लाव फोन. इथूनच.” त्यांनी माझी तार आपल्या टेबलावरच्या फोनला जोडली आणि पलीकडचं सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

आयुष्यात मी हजारो फोन वाहिले असतील, पण त्या फोनइतकं ओझं मला कशाचंच झालं नाही. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग काकूंनी उचलला.

“काकू, मी सकाळची. दवाखान्यातली. माझ्याकडून फार मोठी चूक झाली.”

“तुला दिसलं नाही का गं, तिथे काही लिहिलेलं?” काकूंनी विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं.

किती सोपं होतं! ‘नाही काकू, मला दिसत नाही’ म्हटलं असतं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. काकू उलट तिलाच धीर देत बसल्या असत्या. ठकीने माझी दांडी तोंडाशी घट्ट धरली.

“मी बघायला हवं होतं काकू. मी बघितलं नाही.”

काकू मग म्हणाल्या, “तू ‘फाइल घेऊन या’ म्हणालीस ना, तर मी उठून कपाटातून ती काढलीसुद्धा. मग आठवलं. अजून टेबलावरच आहे. काय करू मी तिचं?”

मुलगाच वाकून माझ्या माईकजवळ म्हणाला, “आई, मी येतोय. आल्यावर बघू.” जाताना दार मात्र त्याने हळू लावलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते रंधा मारायचे थांबले. “गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“काहीच नाही बिघडलं असतं,” ठकी म्हणाली. “मला पुन्हा खुर्ची मिळाली असती.”

बाबांनी नाक शिंकरलं आणि ते म्हणाले, “उद्या किती वाजता जायचंय?”

सहा आठवडे पुरे झाल्यावर शेरा मिळाला. हेडबाईंनी तो ठकीला वाचून दाखवला: ‘काम येते. काळजी कमी घेतली, त्यामुळे गंभीर चूक झाली. आणखी दोन महिने ठेवून पाहावे.’ केंद्राने खळखळ करत मुदत वाढवून दिली. ठकी पुन्हा त्याच टेबलावर बसते. रंग चालू ठेवून. पट्ट्या रंगाऱ्याने काढून टाकल्या, राखाडीशेजारी दोन शब्द लिहायचंही कबूल केलं. कधी लिहितो, कधी विसरतो. फोन चव्वेचाळीसच्या वर जात नाहीत आणि हेडबाई त्यावरून दर शनिवारी बोलतात. डबा खाताना पूर्वीसारखी थट्टा होत नाही. ठकीला ते जाणवतं, मी पाहतो ना, ती डबा लवकर उरकते. काकूंचा आवाज तिच्या कानातून गेलेला नाही. माझ्यातूनही गेलेला नाही.

आणि आता माझंच एक सांगायचंय. माझी तार मानेपाशी आतून तुटत चाललीय. बाहेरून काही दिसत नाही. पण ठकीने मान डावीकडे वळवली की एखादा शब्द माझ्यातच राहतो, तिच्यापर्यंत पोचत नाही. परवा एक आडनाव गेलं. काल एका वेळेतला ‘साडे’ गेला, तिने पुन्हा ऐकलं म्हणून निभावलं. तिला वाटतं, बाईच अडखळली. माझ्यावर तिचा इतका विश्वास आहे की माझा संशयच येत नाही. खणात नवा हेडफोन पडलाय, हेडबाईंनी सगळ्यांना दिला तेव्हा तिलाही दिला. ती म्हणते, “माझा आहे तो चांगला आहे.”

मी चांगला नाही राहिलो, ठकी. उद्या माझ्यात जो शब्द अडकेल तो ‘राखाडी’ असू शकतो. मग पलीकडे कुणीतरी कपाटातून फाइल काढेल, आणि तू त्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेशील, कारण तुला तीच सवय आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत गेलात, तर तिला सांगा. बिचारी वगैरे म्हणू नका, तिला खपत नाही. सरळ सांगा की हा हेडफोन शब्द गाळतो. ती रागावेल. मग मला गळ्यातून काढेल, तार बोटांनी चाचपेल, आणि तिला ती तुटलेली जागा सापडेल.